शिंक्यातली कुंडी : घरातलं झाड, घरातलं जनावर आणि पथ्याचा विचार



घरात लोंबणारं एक झाड आणि त्याच्याकडे टक लावून बसलेलं मांजर, एवढ्या भांडवलावर इतिहासाचं व्याख्यान होऊ शकतं का, असा प्रश्न तुमच्या मनात आला असेल. माझ्या मते होऊ शकतं. कारण या चित्रात एक प्रश्न दडलेला आहे आणि तो फार जुना आहे. आपल्या घरात जे उगवतं, ते आपल्याच घरात राहणाऱ्या दुसऱ्या जिवाला चालतं का? आज हा प्रश्न शहरातली मुलं मोबाईलवर विचारतात. पूर्वी तो कोणाला विचारावा लागत नसे. असं का झालं, हे आज बघू.

इंझोरीसारख्या गावातलं जुनं घर डोळ्यासमोर आणा. पुढे अंगण, मग ओसरी, मग माजघर, मागे सांदवाडी. गुरं कोठ्यात. बकऱ्या दावणीला, नाहीतर अंगणात. झाडं होती, पण घराच्या आत नव्हती. दोडक्याचा आणि वालाचा वेल सांदवाडीतल्या मांडवावर. तुळस अंगणात, पण वृंदावनात, म्हणजे उंच ओट्यावर. त्या उंचीमागे भक्ती आहेच, पण बकरीचं तोंड तिथवर पोचत नाही, हेही आहे. कुंपणाला निवडुंग किंवा अडुळसा, कारण जनावर त्याला तोंड लावत नाही. म्हणजे कोणतं झाड कुठे आणि किती उंचीवर, हे ठरवताना त्या घराने आपल्या जनावरांचा विचार आधीच केलेला होता. तो विचार कुणी लिहून ठेवला नाही. तो घराच्या रचनेतच होता.

आणि माजघरात छताला काय टांगलेलं असे? शिंकं. दूध, दही, लोणी मांजराच्या तावडीतून वाचवायची ती व्यवस्था. ‘शिंक्याचं तुटलं नि बोक्याचं साधलं’ ही म्हण त्यातूनच आली. आज घरं सिमेंटची झाली, दूध फ्रिजमध्ये गेलं, शिंकं दिसेनासं झालं. पण गंमत बघा, त्याच जागी आता टांगती कुंडी आली आहे. आकार तोच, दोऱ्याही तशाच, आणि खाली बसलेला बोकाही तोच. फक्त आत लोण्याच्या जागी झाड आहे. आणि हे झाड बोक्याला चालतं की नाही, ते आपल्याला ठाऊक नाही.

घरात झाड ठेवायची ही पद्धत मुख्यतः थंड देशांतली. तिथे हिवाळ्यात बाहेर काही जगत नाही, म्हणून झाड आत आलं. इंग्लंडमध्ये नॅथॅनियल बॅगशॉ वॉर्ड नावाचा एक डॉक्टर होता. १८२९च्या सुमारास पतंगाचा कोष बघण्यासाठी त्याने बंद बाटलीत ओली माती ठेवली, तर त्या मातीत नेच्याचं रोप उगवलं आणि बंद बाटलीत टिकलं. त्यातून काचेच्या पेट्या निघाल्या. त्या पेट्यांतून रोपं समुद्रापार जिवंत पोचू लागली. रॉबर्ट फॉर्च्यूनने चीनमधली चहाची रोपं भारतात आणली ती अशाच पेट्यांतून. साम्राज्याचा व्यापार आणि दिवाणखान्याची शोभा, दोन्ही या एका काचेच्या पेटीतून वाढले.

आज टांगत्या कुंडीत सर्वांत जास्त दिसणाऱ्या झाडांपैकी एक म्हणजे स्पायडर प्लांट. लांब, गवतासारखी पाती, बहुधा पांढऱ्या पट्ट्याची. वय झालं की मधून लांब दांडे निघतात, खाली लोंबतात आणि त्यांच्या टोकांना छोटी छोटी रोपं लटकतात. मूळ गाव आफ्रिका. लिनियसचा शिष्य कार्ल पीटर थुनबर्ग १७७२ ते १७७५ या काळात दक्षिण आफ्रिकेत केपच्या परिसरात हिंडला आणि १७९४ साली त्याने या झाडाचं वर्णन छापलं. त्याने दिलेलं नाव ‘अँथेरिकम कोमोसम’. कोमोसम म्हणजे झुपकेदार. पुढे ते ‘क्लोरोफायटम कोमोसम’ झालं. क्लोरोफायटमचा अर्थ नुसता ‘हिरवं झाड’. इतकं साधं नाव क्वचितच एखाद्या झाडाला मिळालं असेल.

हे झाड युरोपात पोचलं आणि उतारवयात वायमारमध्ये एका फार मोठ्या माणसाच्या नजरेला पडलं. तो म्हणजे महाकवी गटे. गटे नुसता कवी नव्हता. १७९० साली त्याने वनस्पतींच्या रूपांतरावर पुस्तक लिहिलं होतं. झाडाचे वेगवेगळे अवयव म्हणजे एकाच मूळ रूपाची निरनिराळी रूपं, असा त्याचा विचार. आता हे झाड बघा. फुलाच्याच दांड्यावर पानं फुटतात, त्या पानांना मुळं फुटतात आणि हवेतच नवं रोप तयार होतं. गटेला याचं आकर्षण वाटलं नसतं तरच नवल.

गटेचं नाव निघालं की आपल्याकडे लगेच शाकुंतल निघतं. ते नाटक डोक्यावर घेऊन तो नाचला, ही गोष्ट आपण शाळेपासून ऐकतो. ती दंतकथाच समजा. पण गेऑर्ग फॉर्स्टरने केलेला जर्मन अनुवाद १७९१ साली निघाला आणि तो वाचून गटेने शाकुंतलाच्या गौरवाच्या ओळी लिहिल्या, हे खरं आहे. आपल्याकडे १८८० साली अण्णासाहेब किर्लोस्करांनी हेच नाटक संगीत करून मराठी रंगभूमीवर आणलं. तेव्हा शकुंतला आपल्या ओळखीची. तिच्या निरोपाचा प्रसंग आजच्या विषयाच्या डोळ्यांनी पुन्हा बघा.

शकुंतला सासरी निघाली आहे. आश्रमातल्या एका वेलीचं नाव तिने वनज्योत्स्ना ठेवलं आहे. तिला ती बहीण मानते, तिला भेटून निरोप घेते. तेवढ्यात मागून कोणीतरी तिचं वस्त्र ओढतं. तो तिने वाढवलेला हरणाचा पाडस आहे. कण्व तिला सांगतात, याच पाडसाच्या तोंडाला कुशाच्या टोकांनी जखम झाली तेव्हा तू इंगुदीचं तेल लावलंस, यालाच तू मुठी मुठीने सावा भरवलास.

या एका प्रसंगात तीन वनस्पती आहेत. कुश, ज्याने पाडसाचं तोंड कापलं. इंगुदी, म्हणजे आपलं हिंगणबेट, जिच्या तेलाने ते बरं झालं. आणि श्यामाक, म्हणजे सावा, ज्यावर ते वाढलं. एक इजा करणारी, एक बरं करणारी, एक पोसणारी. आणि यातला कुश तर पवित्र आहे, यज्ञाला लागतो, तो आश्रमातून काढून टाकता येत नाही. मग शकुंतलेने काय केलं? कुश उपटला नाही, हरीण हाकललं नाही. दोघांवर नजर ठेवली आणि हाताशी तेल ठेवलं. घरातल्या झाडाची आणि जनावराची एकत्र काळजी याहून थोडक्यात कुणी सांगितली असेल, असं मला वाटत नाही.

आता आफ्रिकेतून आपल्या रानात या. स्पायडर प्लांटची सख्खी भावंडं आपल्याकडे आहेत आणि ती आपण खातो. पहिल्या पावसानंतर सह्याद्रीच्या उतारांवर फोडशी नावाची भाजी येते. काही भागांत तिला कुलू म्हणतात. गवतासारखी पाती, चण्याची डाळ घालून भाजी करतात. ती क्लोरोफायटमच. आणि सफेद मुसळी? तीही क्लोरोफायटम. तिचं शास्त्रीय नाव ‘क्लोरोफायटम बोरिव्हिलिएनम’, म्हणजे चक्क मुंबईच्या बोरिवलीवरून. हे नाव दिलं फादर सांतापाव आणि त्यांचे सहकारी फर्नांडिस यांनी, १९५०च्या दशकात. सांतापाव हे स्पॅनिश जेझुइट धर्मगुरू, मुंबईच्या सेंट झेवियर्स कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवत. शास्त्राला ही वनस्पती वेगळी म्हणून कळली तेव्हा रानातल्या लोकांना ती पिढ्यान् पिढ्या ठाऊक होती.

आपल्या वऱ्हाडात अकोट, अंजनगाव सुर्जीच्या पट्ट्यात बारी समाजाचे शेतकरी पानमळ्यांबरोबर पानपिंपळी आणि सफेद मुसळी लावत आले. पण रानातल्या मुसळीचं काय झालं? मुळाला बाजारात भाव आला, मूळ खणलं की झाड संपतं, आणि रानातली मुसळी विरळ होत गेली. एक जात कुंडीत घालून आपण जिवापाड जपतो आणि तिचीच बहीण रानातून खणून काढतो. हेही या इतिहासाचंच पान आहे.

इथे एक सावधगिरीची गोष्ट. वनस्पतिशास्त्राच्या जुन्या पुस्तकांत क्लोरोफायटम लिलीच्या कुळात दिलेलं आढळेल. आता ते शतावरीच्या कुळात धरतात. त्याच जुन्या लिली-कुळात आपली कळलावीही होती. पावसाळ्यात कुंपणावर चढणारी, ज्वाळेसारख्या लाल-पिवळ्या फुलांची, पानाच्या टोकाने आधार धरणारी. तिचा कंद पोटात गेला तर माणूस दगावतो. आणि खरी लिली, फुलांच्या गुच्छात येते ती, मांजराच्या मूत्रपिंडांचा घात करते. अंगावर पडलेले परागकण चाटले तरी पुरे. म्हणजे एका जुन्या कुळात एक भाजी, एक माणसाला मारणारी, एक मांजराला मारणारी. कूळ सारखं म्हणून स्वभाव सारखा असं धरून चाललात, तर जीव जाईल. माणसांच्या बाबतीतही हे लक्षात ठेवायला हरकत नाही.

दुसरं उदाहरण मनीप्लांटचं. प्रत्येक घरात बाटलीत एक फांदी असतेच. ते अळूच्या कुळातलं आहे, आणि इथे मात्र नातं उपयोगी पडतं. अळू घशाला का खाजतं? त्यात कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक असतात म्हणून. मनीप्लांटमध्येही तेच. कुत्र्या-मांजराने पान चावलं की तोंड जळजळतं, लाळ गळते, उलटी होते. आपल्या आजीला ऑक्झलेट हा शब्द माहीत नव्हता, पण अळूत चिंच किंवा आमसूल घालायचं, हे तिला पक्कं माहीत होतं. स्वयंपाकघर ही आपली पहिली विषशास्त्राची प्रयोगशाळा होती, आणि तिथल्या शास्त्रज्ञ बायका होत्या.

आता थोडं तत्त्वज्ञानाकडे वळतो. माझा विषय तो, त्यामुळे तुम्हाला एवढं सहन करावं लागेल.

आपण विचारतो, ‘हे झाड सुरक्षित आहे का?’ जणू सुरक्षितपणा हा हिरव्या रंगासारखा झाडाचा गुण आहे. तसा तो नाही. ज्वारीचं घ्या. भाकरी आपण खातो, कडबा गुरं खातात. पण पाऊस ताणला आणि कोवळ्या किंवा खुरटलेल्या ज्वारीत गुरं शिरली, तर बैल तडफडून मरतो, कारण त्या अवस्थेत तिच्यातून सायनाइड तयार होतं. वावर तेच, पीक तेच, वेळ वेगळी. किंवा तापावरची पॅरासिटामॉलची गोळी घ्या. आपल्याला उतार पडतो, मांजराला तीच एक गोळी मारू शकते, कारण ती पचवायची शक्ती त्याच्या यकृतात नाही.

आपल्या परंपरेत यासाठी एक फार नेमका शब्द आहे, तो म्हणजे पथ्य. पथ्य हा पदार्थाचा गुण नाही, तो संबंध आहे. कोणाला, काय, किती, कधी, कोणत्या ऋतूत, हे सगळं मिळून पथ्य ठरतं. बौद्ध वाङ्मयात जीवक वैद्याची कथा येते. तक्षशिलेत गुरूंनी सांगितलं, योजनभर परिसर फीर आणि औषधी नाही अशी वनस्पती घेऊन ये. जीवक रिकाम्या हाताने परतला, आणि गुरूंनी त्याचं शिक्षण पूर्ण झालं असं मानलं. या कथेची दुसरी बाजूही आहे. जिथे प्रत्येक वनस्पती औषध आहे, तिथे प्रत्येक वनस्पती कोणासाठी तरी, केव्हातरी अपथ्यही आहे.

आणि ‘औषध’ या शब्दावरच मला थोडं थांबायचं आहे, कारण आजच्या विषयात खरा धोका तिथे आहे. आपल्या भागात कपाशीवर जे फवारतात त्याला लोक काय म्हणतात? औषध. ‘औषध मारलं का?’ २०१७ साली आपल्या शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन शेतकरी आणि शेतमजूर दगावले. तरी शब्द बदलला नाही. आणि फवारणीनंतर पंपात थोडं उरलं की ते दारच्या कुंडीवर मारायचं, ही सवय गावोगाव आहे. आता विचार करा. झाड बिनविषारी आहे म्हणून तुम्ही ते मांजराच्या घरात आणलं, आणि त्यावर कपाशीचं विष शिंपडलं. मांजर पान चावणार, मग अंग चाटणार, आणि रांगणारं पोर त्या मांजराला कवटाळणार. मग यादीत झाडाच्या नावापुढे ‘सुरक्षित’ लिहिलंय याला काय अर्थ उरला?

या याद्यांचाही इतिहास आहे. १८६६ साली न्यूयॉर्कमध्ये हेन्री बर्गने प्राण्यांना क्रूरपणे वागवण्याविरुद्ध संस्था काढली. गाडीच्या घोड्यांचे हाल हा तेव्हाचा मोठा प्रश्न होता. मुंबईत १८७४ साली तशीच संस्था निघाली आणि पुढे परळला बाई साकरबाई दिनशा पेटिट यांच्या नावाचं जनावरांचं रुग्णालय उभं राहिलं. अमेरिकेतली ती संस्था आज विषारी-बिनविषारी झाडांची यादी ठेवते. त्या यादीत स्पायडर प्लांट कुत्रा, मांजर, घोडा तिघांनाही बिनविषारी आहे आणि मनीप्लांट विषारी. यादी उपयोगाची आहे, जरूर वापरा. पण ती त्यांच्या घरातल्या झाडांसाठी केलेली आहे. आपल्या कुंपणावरच्या वेलांची चौकशी तिथे कोण करणार?

आता प्रत्यक्ष काळजीचं. या झाडाची मुळं पांढरी, जाड, मुसळीसारखीच असतात आणि त्यांत पाणी साठवलेलं असतं. त्यामुळे ते तहानेने सहसा मरत नाही, जास्त पाण्याने मरतं. बोटाची दोन पेरं मातीत घाला, कोरडं लागलं तरच पाणी द्या. आपली काळी माती कुंडीत एकटी वापरू नका. ती ओली झाली की चिकटते आणि वाळली की भेगाळते. तिच्यात तेवढीच रेती आणि तेवढंच जुनं शेणखत मिसळा. कुंडीला खाली भोक हवंच. जागा ओसरीची, उजेड भरपूर पण दुपारचं ऊन नको, आणि मे महिन्यातली झळ तर मुळीच नको.

पानांची टोकं तपकिरी पडतात तेव्हा लोक पाणी वाढवतात. बऱ्याचदा दोष पाण्याच्या प्रमाणात नसतो, पाण्यातच असतो. या झाडाला क्षार आणि फ्लोराइड सोसत नाही. विदर्भात यवतमाळ, चंद्रपूरकडे भूजलात फ्लोराइड आहे हे आपण जाणतो. माणसाच्या दातांवर आणि हाडांवर जे दिसायला वर्षं लागतात, ते या पानाच्या टोकावर लवकर दिसू शकतं. शक्य असेल तर पावसाचं साठवलेलं पाणी द्या.

लोंबत्या दांड्यावरचं पिल्लू तोडू नका. दांडा तसाच ठेवून पिल्लू शेजारच्या कुंडीतल्या ओल्या मातीवर टेकवा. दोन-तीन आठवड्यांत मूळ धरलं की नाळ कापा. मांजर या लोंबत्या पात्यांशी खेळणार, चावणारही. थोडं खाल्लं तर बिघडत नाही, फार खाल्लं तर उलटी करेल. म्हणून कुंडी उंच टांगा आणि खाली एका पसरट भांड्यात गहू पेरून त्याचं कोवळं गवत मांजराला वेगळं द्या. कीड दिसली तर पानं ओल्या फडक्याने पुसा. शेतातलं ‘औषध’ या कुंडीकडे फिरकू देऊ नका.

एक गैरसमज जाता जाता दूर करतो. हे झाड घरातली हवा शुद्ध करतं, असं विकणारे सांगतात. अमेरिकेच्या नासा संस्थेसाठी वोल्व्हर्टन यांनी १९८०च्या दशकात प्रयोग केले, ते बंद पेटीतले. घर ही बंद पेटी नव्हे. २०१९ साली अशा अनेक प्रयोगांचा एकत्र अभ्यास झाला. हवेवर उघड्या खिडकीइतका परिणाम व्हायचा, तर दर चौरस मीटरला १० ते १,००० झाडं लागतील, असा त्याचा निष्कर्ष. तेव्हा हवेसाठी खिडकी उघडा, आणि झाड झाडासाठी ठेवा.

शेवटी एक विनंती. आपला वाशीम जिल्हा १९९८ साली झाला, तसा तरुणच आहे. पण मानोरा-कारंजाच्या या मुलखात गुरं राखण्यात जन्म काढलेली माणसं अजून आहेत. कोणता वेल बकरी खाते आणि गाय खात नाही, कोणता पाला पावसाळ्यात चालतो आणि उन्हाळ्यात नाही, कोणत्या झाडाखाली वासरू बांधू नये, हे त्यांना ठाऊक आहे. या पावसाळ्यात शाळेतल्या मुलांनी वही घेऊन त्यांच्याकडे बसावं. चार रकाने आखावेत : झाडाचं नाव, कोण खातं, कोण खात नाही, कोणत्या महिन्यात. नाव आपल्या बोलीतलंच लिहावं, शास्त्रीय नाव नंतर शोधता येईल. दोन पिढ्यांनी ते सांगणारं कोणी उरणार नाही. झाडं मात्र इथेच असतील, आणि जनावरंही.

एवढं बोलून थांबतो. कोणी आपल्या घरातल्या एखाद्या झाडाबद्दल विचारणार असेल, तर आधी घरात कोण कोण राहतं, ते सांगा. मग झाडाबद्दल बोलू.